बाबांची पाच मिनिटं

मी पुणे सोडलं त्या दुपारी बाबांनी माझ्या टॅक्सीमागे तांब्याभर पाणी ओतलं. निघालेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून इराणात तसं करतात. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "काका, पाणी कमी येतंय, जरा जपून." आई हसली आणि मी ओशाळले. आज त्या ओशाळण्याचाच मला संताप येतो.

बाबा इराणातल्या यझ्द गावचे. औषधशास्त्र शिकायला पुण्यात आले, मागे क्रांती होऊन देश बदलला, इथे आई भेटली, आणि ते राहिले. चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात शिकवलं. तरी तुम्ही आईकडच्या सगळ्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला त्यांना एकच विचारलंत, "इराणी म्हणजे हॉटेल कुठलं तुमचं?" बाबांनी आयुष्यात एकही बनमस्का विकला नाही. ते म्हणायचे, "हॉटेल नाही हो, मला नुसती भूक लागते." तुम्ही खूश व्हायचात. मला त्यांनी फारसी शिकवली नाही. "तुझं इथलं नीट होऊ दे," एवढंच म्हणायचे.

ती मी सिंगापूरला आल्यावर शिकले, लॅबमधून क्लेमेंटीतल्या घरी परतताना, कानात इयरफोन घालून. शिकवणारी रोया, माझ्या पर्वीनआत्याची मुलगी. ती तेहरानमध्ये इमारतींचे नकाशे काढते, केस मोकळे सोडून रस्त्याने चालते आणि रोज एक व्हॉइस मेसेज पाठवते. त्यात भाजीवाल्याशी झालेलं भांडण असतं, बॉसची नक्कल असते, कुठलं तरी नवं गाणं असतं. इकडे मात्र मी अर्धी इराणी आहे हे कळलं की लोक चेहरा गंभीर करून विचारतात, "तिकडे बायकांना शिकू देतात?" रोयाकडे दोन डिग्र्या आहेत, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. त्याच सुमारास आमच्या मराठी ग्रुपने जुरोंग ईस्टच्या एका काँडोत, म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये, आजी-आजोबांसाठी एक दुपार ठरवली. प्रत्येकाने पाच मिनिटं आपल्या गावाबद्दल बोलायचं. बाबांनी स्वच्छ देवनागरीत तीन पानं लिहिली. छपरांवरचे वारा खाली ओढून घेणारे मनोरे, जमिनीखालून गावात आणलेलं पाणी, आणि डाळिंबं सोलताना फ्रॉक लाल करून घेणारी धाकटी बहीण पर्वीन.

मग तिकडच्या बातम्या येऊ लागल्या. हल्ले झाले, इंटरनेट बंद पडलं. आत्याचा फोन लागेना, रोयाचे मेसेज थांबले. सहाव्या दिवशी कार्यक्रम ठरवणाऱ्या माधवीताईंचा फोन आला.

"अगं, काकांच्या बोलण्याचं... सध्याचं वातावरण बघतेस ना? लोकांना उगाच अवघडल्यासारखं होईल. नुसतं पुण्याबद्दल बोलू देत ना. त्यांचं मराठी इतकं गोड आहे!"

मी चिडून बाबांना म्हटलं, "आपण जायचंच नाही."

"जाऊ की. पुण्याबद्दल बोलेन. पुणंही माझंच आहे."

"किती वर्षं नमतं घेणार, बाबा? मला भाषासुद्धा दिली नाहीत तुम्ही."

"तुला कुणी वेगळं काढू नये म्हणून नाही दिली," ते म्हणाले. "चुकलो."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि मीच रडायला लागले.

शनिवारी बाबा उभे राहिले. पेठेतली पहिली खोली, साबुदाण्याची खिचडी पहिल्यांदा खाताना पडलेलं कोडं, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. लोक हसत होते. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"माझं गाव यझ्द," ते म्हणाले. "तिथे माझी बहीण आहे, पर्वीन. नऊ दिवस तिचा फोन लागत नाही. ती जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही." आणि ते बसले.

टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या! मग एकेक जण येऊन म्हणू लागला, "काका, किती शुद्ध मराठी हो तुमचं!" कुणी विचारलं, बिर्याणी मूळची तुमच्याकडचीच ना? माधवीताईंनी आग्रह करून श्रीखंड वाढलं. चाळीसेक माणसं, शिकलेली, चांगली, गणपतीत एकमेकांच्या घरी राबणारी. त्यातल्या एकानेही विचारलं नाही, बहिणीचं पुढे काय? वातावरण बिघडेल अशी भीती होती ना? काहीसुद्धा बिघडलं नाही. तेच मला सहन होत नाही.

चार दिवसांनी रोयाचा मेसेज आला. ती यझ्दला आईकडे पोचली होती आणि आत्या सुखरूप होती. मागून आत्याचाही आवाज येत होता, भावाने इतकी काळजी केली म्हणून ती त्याला शिव्या घालत होती. बाबांनी तो मेसेज पुन्हा पुन्हा लावला. मला त्यातला शब्द न् शब्द कळला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी भेटल्या. बाबांशी त्यांची ओळख खालच्या बाकावर बसण्यापुरतीच, तीही तोडक्यामोडक्या इंग्रजीतली. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "युअर पापा सिस्टर, कॉल ऑलरेडी ऑर नॉट?" मी हो म्हटलं, तशा त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? येईन. पण आधी बाबांना फोन करून विचारा, पर्वीन कशी आहे. मग मला घरी बोलवा.