मोरॅगबाईंचा झिलकरी

सूर्यकांत मूळचा देवगडकडचा. राहायला अल कुसैसात, काम दुबईभर एसी दुरुस्तीचं. त्यातच एक चर्च. तिथल्या ऑर्गनच्या लाकडाला दमट हवा सोसत नाही, म्हणून एसी बंद पडून चालत नसे. कॉयरची, म्हणजे चर्चातल्या गाणाऱ्या मंडळींची, तालीम असेल त्याच दिवशी हा मुद्दाम फिल्टर धुवायला काढी. स्कॉटलंडची देवाची गाणी, काही जुनीपुराणी, काही हल्लीच बांधलेली. ऑर्गन गरजला की पायाखालची फरशी थरथरे.

"तुमी एक दिवस पाद्री होऊन येतलात," बायको छाया फोनवर म्हणे.

"गो, गाणाच आयकतंय. कोणाचा काय खातंय?"

गावी तो भजनात झिलकरी. बुवांनी ओळ टाकायची, यानं मागून उचलायची. पुढं बसून गायची हौस त्याला कधीच नव्हती. बापूस गेला तेव्हा मंडळी घरी येऊन भजन म्हणून गेली. हा इकडं दुबईत, रास अल खोरच्या गोदामात कॉम्प्रेसर उतरवत होता.

यंदा जुलैत सगळी कॉयर सुट्टीवर गेली. चर्चात मोरॅगबाई एकट्याच, मांडीवर मोबाईल. कॉयर शिकवणाऱ्या या म्हाताऱ्या बाई स्कॉटलंडच्या एका बेटावरच्या. तिकडं भाऊ वारला होता आणि इकडं नवरा लकव्यानं पडलेला. त्याला टाकून जाणार कशा?

"आता उचलतील भावाला," त्या म्हणाल्या. बेटावर अजून मयत खांद्यावरनं नेतात, आळीपाळीनं. त्या वेळेला त्यांना आपल्या बोलीतलं जुनं स्तोत्र म्हणायचं होतं. पण ते एकट्यानं होत नाही. एकानं ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती घोळवत घ्यायची.

"ऑर्गनवर वाजवा ना, मॅडम."

"आमच्या तिकडच्या चर्चात बाजा नसतो, सूर्या. माणसं लागतात."

"मग मी घेतो मागून. शब्द कळायचे नाहीत हां."

"चालेल. माझ्या भावाला तरी सगळे कुठं कळायचे."

बाईंनी ओळ दिली. सूर्यकांतनं उचलली, पण गावच्या सवयीनं लय चढवून, मांडीवर थाप मारत. बाई थांबल्या.

"सावकाश. त्याला कुठं पोचायची घाई नाही आता."

मग जमलं. ओळीमागून ओळ जात राहिली. मध्येच मोबाईल उजळला. बाईंनी वाचलं, भावाला कबरीत उतरवत होते. पुढची ओळ द्यायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना.

पुढची ओळ सूर्यकांतला ठाऊक नव्हती. त्यानं गावची रीत धरली. बुवांचा दम गेला तर ते परत येईस्तोवर झिलकऱ्यांनी मागचीच ओळ फिरवत ठेवायची. त्यानं तीच ओळ पुन्हा घेतली. परत घेतली. त्या स्तोत्रात असं करत नाहीत, गेलेली ओळ गेली. हे त्याला ठाऊक नव्हतं आणि बाईंनीही सांगितलं नाही. नुसते ओठ हलवत बसून राहिल्या.

"पुरे," शेवटी त्या म्हणाल्या. "माती लोटून झाली असेल."

स्तोत्राच्या काही ओळी राहिल्याच. त्या बाईंनी दिल्या नाहीत, आणि झिलकऱ्यानं मागायच्या नसतात.