खेळायला घेतलेला लॅपटॉप

आमच्या घरात एखादी वस्तू नवीन दिसली की शेजारची माणसं ‘केवढ्याला घेतली?’ असं विचारत नाहीत. ‘कुणी दिली?’ असं विचारतात. त्यात कुणाचा कुत्सितपणा नसतो. माझे वडील, म्हणजे आबा, लोणावळ्याजवळ मळवलीत एका बंगल्याचे केअरटेकर आहेत आणि आम्ही त्याच बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहतो. आजूबाजूलाही अशीच घरं आहेत. केअरटेकरच्या घरात वस्तू येते ती बंगल्यातून. तिथला सोफा जुना झाला की आमच्याकडे नवा सोफा येतो.

आमचा सोफा दारातून आत येईना म्हणून आबांनी त्याचा एक हात करवतीने कापला. गादी एवढी मोठी मिळाली की आतल्या खोलीत आता गादीच आहे, पाय ठेवायला जागा नाही. घरातल्या घरात चालायचं यंत्र मिळालं, त्यावर आई कुरडया वाळवते. लहानपणी मला वाढदिवसाचे फ्रॉक मिळायचे, दुसऱ्याच मुलीच्या वाढदिवसाचे. नाही म्हणायची पद्धत नाही. मालकीणबाई, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, शनिवारी आल्या की डिकीतून काहीतरी काढतात आणि म्हणतात, “काका, हे तुम्हाला चालेल ना?” आबा दोन्ही हात पुढे करतात. “व्हय व्हय, चालंल की.” मॅडम आबांपेक्षा वयाने मोठ्या आहेत, तरी आबा काकाच. मळवलीत गेट उघडणारा प्रत्येक माणूस काका असतो.

तर अशा घरात मी यंदा एक लॅपटॉप आणला. कोरा करकरीत, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा मीच फाडली. आणि तोही गेमिंगचा.

माझं काम असं आहे की त्याला तसलाच लॅपटॉप लागतो. लोणावळ्याच्या एका आर्किटेक्टकडे मी घरांची थ्रीडी चित्रं बनवते. जो बंगला अजून बांधलेलाच नाही, त्याच्या हॉलमध्ये ऊन कुठून येईल, सोफ्याची सावली फरशीवर कशी पडेल, हे पडद्यावर खरं वाटेल असं दाखवायचं. एवढी आकडेमोड करायला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड हवं. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला चित्र बनवायला सांगून मी डबा खाऊन, बाजारात चक्कर मारून परत यायचे, तरी तो अर्ध्यावरच असायचा. ‘खास डिझायनरसाठी’ म्हणून जे लॅपटॉप विकतात त्यांच्या किमती बघूनच मी पान बंद केलं. आपल्या ऐपतीत तसं कार्ड हवं असेल तर ते गेमिंगच्या लॅपटॉपमध्येच मिळतं.

हे कारण खरं होतं आणि तेवढंच सांगून मी सुटले असते. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “घरी गेमिंग हा शब्दच काढू नकोस. कामाचा आहे म्हण.” पण मला खेळायचंही होतं. गाड्यांच्या शर्यतीचे गेम मला कॉलेजपासून आवडतात. फोनवर खेळून खेळून फोन हातात धरवेना इतका तापायचा. मग हे मी का लपवायचं? मळवलीत शनिवारी जो येतो तो मजा करायलाच येतो. कुणी पोहतं, कुणी कोंबडी भाजतं, कुणी एकच गाणं सकाळपासून लावून ठेवतं, आणि कुणी त्यांना विचारत नाही की बाबांनो, हे सगळं कशाला. आमचं अख्खं गाव लोकांच्या मजेवर जगतं. फक्त आम्ही मजा केली की कारण द्यावं लागतं. मी ते देणार नव्हते. मला त्याचा रागच होता.

पहिला धक्का घरातच बसला. खोकं बघून आबांनी विचारलं, “कुणी दिला?”

“कुणी न्हाई दिला. मी घेतला.”

थोड्या वेळाने शेजारच्या बंगल्याचे केअरटेकर कुंपणावरून डोकावले आणि त्यांनीही तेच विचारलं. आबा म्हणाले, “हापिसाचा हाय. कामाचा.” मला ते लागलं.

आवडला नाही तर काही दिवसांत परत करायची सोय होती, म्हणून मी तो मनापासून पारखायला घेतला. पैसे माझे होते, त्यामुळे लाड करायचा प्रश्नच नव्हता. अंग प्लॅस्टिकचं. कीबोर्डच्या मध्यावर बोट दाबलं की किंचित खाली जातो. झाकण उघडताना डुगडुगतं. चार्जर एवढा जड की पिशवीत तोच आहे असं वाटावं. पण जे चित्र बनवताना जुन्या कॉम्प्युटरची दुपार जायची, ते इथे आईचा चहा गाळून होईपर्यंत तयार. मी खरंच टाळी वाजवली. मग त्याच दिवशी गेम टाकला. गाडी घाटातून सुटली, कुठे अडकली नाही, थरथरली नाही, आणि मी एकटीच मोठ्याने हसले.

गेम चालू झाला की पंखे असे ओरडायचे की आई आतून म्हणाली, “मिक्सर कशाला लावलास ग?” बाजूच्या जाळीतून गरम हवा यायची. पावसाळ्यात आमच्याकडे काहीच वाळत नाही, त्यामुळे आईने दुसऱ्या दिवशी आबांचे मोजे तिथे आणून ठेवले. एकदा दुपारी वीज गेली. नुसतं ड्रॉइंगचं काम केलं तोवर बॅटरी बऱ्यापैकी टिकली. गेम लावला तर मात्र लगेच धापा टाकू लागली, आणि गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली. चार्जर काढला की गेमिंगच्या लॅपटॉपमधलं गेमिंग संपतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

सगळ्यात मोठी खोट पडद्याची निघाली. रंग फिके. मी एका हॉलच्या भिंती छान साईच्या रंगाच्या करून पाठवल्या आणि आर्किटेक्टचा फोन आला, “अगं, भिंतींना हळद लागलीय का?” मी खजील झाले. परत करावा का, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मग लक्ष गेलं ते बंगल्यातून मिळालेल्या जुन्या टीव्हीकडे. त्याला वायर जोडली, रंग बरोबर दिसले. तेव्हापासून रंगांचं काम मी त्या टीव्हीवर बघून करते. दिलेल्या वस्तूंशी माझं भांडण नाही. मला काय हवं ते दुसऱ्याने ठरवण्याशी आहे.

ते भांडण शनिवारी झालं. मी ओट्यावर बसून खेळत होते. कीबोर्डचे लाल दिवे लागलेले, पंखे जोरात. मॅडम स्वतः मागच्या अंगणात आल्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत त्यांच्या मुलाचा जुना लॅपटॉप.

“बेटा, तुझ्यासाठी आणलाय. झाकणाचा एक स्क्रू गेलाय आणि प्लग लावूनच चालतो, पण बाकी मस्त आहे.” मग त्यांना माझ्या मांडीवरचा दिसला. “हा गेमिंगचा ना? तुला गेमिंगचा कशाला?”

“कामाला मॅडम, कामालाच,” आबा घाईने म्हणाले.

“खेळायला,” मी म्हणाले. “कामही करते. पण आत्ता खेळतेय.”

मॅडम हसल्या. वाईट बाई नाहीत त्या. “असे पैसे उडवू नयेत बेटा. हा परत करून टाक, आमचा वापर. ते पैसे उद्या लग्नाला उपयोगी पडतील.”

“नको मॅडम. मला हा आवडलाय.”

एवढंच बोलले. आबांचे दोन्ही हात सवयीने पुढे आलेले होते, ते तसेच राहिले. मॅडमनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, “बरं,” म्हणाल्या आणि पिशवी घेऊन परत गेल्या. आमच्या अंगणातून बंगल्याकडे परत गेलेली ती पहिली वस्तू.

त्यांची पाठ वळल्यावर आबा माझ्यावर उखडले. “तुला काय जातंय बोलाया? गेट मला उघडायचं असतंय. उद्या म्हनले दुसरा मानूस बगतो, तर कुटं जायचं आमी? ही खोली काय आपली हाय?”

ते खरं होतं. नोकरीबरोबर घरही जातं. आबा म्हणाले, “परत कर त्यो.” मी आत जाऊन गादीवर पडून रडले. भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि दोन्हींत राग जास्त होता. दुसऱ्याच्या मजेसाठी राबायचं आणि आपल्या मजेची लाज बाळगायची, असं ज्या खोलीचं भाडं आहे ती खोली गेली तर गेली, असंही मनात आलं. पण ती खोली माझ्या एकटीची नव्हती, म्हणून ते मी बोलले नाही.

रविवारी सकाळी आबा नेहमीसारखे मॅडमची गाडी धूत होते. मी खिडकीतून बघत होते. आबांना गाडी चालवता येत नाही. दर रविवारी चावी त्यांच्या हातात असते, ते चारही दारं उघडतात, आणि बाहेर उभं राहून, कमरेत वाकून आतलं स्टिअरिंग पुसतात. आत बसत नाहीत. फार वर्षांपूर्वी मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, सीटवर बसू नका हं, तुमचे कपडे ओले असतात.” तेव्हापासून कपडे कोरडे असले तरी आबा बसलेले नाहीत.

तो सगळा आठवडा आबा माझ्याशी बोलले नाहीत. मी खाली मान घालून काम केलं आणि काम झालं की मान वर करून खेळले. लपून खेळले नाही, ओट्यावरच बसले. आठवड्याच्या शेवटी शेजारचे केअरटेकर पुन्हा कुंपणावर आले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. “त्यो लॅपटॉप मॅडमनी दिला का हापिसानं?” त्यांनी विचारलं.

मी आत होते. आबा म्हणाले, “कुणी न्हाई दिला. पोरीनं घेतलाय.”

परत करायच्या मुदतीचा शेवटचा दिवस शनिवारीच आला. जेवणं झाल्यावर आबा दारात उभे राहिले. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

“आज शेवटचा दिस ना? बांदला का खोक्यात?”

“न्हाई बांदला. बांदनार बी न्हाई.”

मला वाटलं आता पुन्हा सुरू होईल. आबा आत आले, सोफ्याच्या हात नसलेल्या बाजूला बसले आणि गुडघ्यांवर तळवे घासत राहिले. मग लॅपटॉपकडे हनुवटीने खूण करून म्हणाले, “गाडी चालू कशी करत्यात?”

मी त्यांच्यापुढे स्टूल ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी बसले. हे बटन दाबलं की पुढे, ही दोन वळायला, हे ब्रेकचं. पहिल्यांदा ते सरळ दरीत गेले. दुसऱ्यांदाही गेले. आई दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत उभी राहिली. “हसू नगं,” आबा म्हणाले, “ह्यो रस्ताच वाकडा हाय.” तिसऱ्यांदा त्यांना जमायला लागलं. वळण आलं की गाडीबरोबर ते स्वतःही वळायचे, पार माझ्या खांद्यावर रेलायचे. पंखे ओरडत होते. एवढ्या वर्षांत मी आबांना सोफ्यावर इतकं पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. तो हॉर्न आम्ही तिघंही झोपेतसुद्धा ओळखू. आई दारातून बाजूला झाली, आबांना वाट करून द्यायला. मी गेम थांबवायला हात पुढे केला.

आबांनी कोपराने माझा हात बाजूला सारला. नजर पडद्यावरच होती.

हॉर्न पुन्हा वाजला.

“वाजू दे,” आबा म्हणाले. “हितनं म्होरं उतार हाय.”