जळका साबण आणि आमचा भोंगा

काल इस्त्री करताना, नीट न खळबळलेल्या सदऱ्यातून जळक्या साबणाचा वास आला आणि कुंदाआत्याचं अमरावतीतलं भांडीदुरुस्तीचं दुकान आठवलं.

तेव्हा मी कॉलेजात होतो. धारणीकडच्या एका गावाला रस्ता हवा म्हणून दुपारी मोर्चा होता, आणि आमच्या संघटनेचा एकुलता एक अॅल्युमिनियमचा लाउडस्पीकरचा भोंगा त्याच वाटेवर जीपमधून पडून चेपला होता. मी चिडून दुकानातली हातोडी उचलली. ठोक्यागणिक पत्रा अधिकच ताठ होत गेला आणि काठाला बारीक चीर पडली.

"काहून बदडून राहिला त्याले? सरकार हाय का ते?" आत्या ओरडली. "मार खाऊन पत्रा कडक होते, अन् मंग फाटते."

तिने पत्र्यावर साबण घासून खालून ज्योत फिरवली. साबण काळा पडला म्हणजे पत्रा नरमण्याइतका तापला; तो काळा पडताच तिने ज्योत बाजूला केली.

"थंड होऊ दे. तोवर तू बी बस ना लेका."

मी बसलो नाही, येरझाऱ्या घालत राहिलो. नरम पडलेल्या पत्र्यातला पोचा तिने लाकडी हातोडीने सावकाश काढला, आणि पुन्हा ताठपणा यावा म्हणून शेवटी मुद्दाम हलके ठोके दिले.

भोंगा मोर्चाभर खणखणीत वाजला. रस्ता आजही नाही. मार खाऊन कार्यकर्ता पक्का होतो, असं मी पुढे प्रत्येक पत्रकात ठणकावलं. आत्याच्या बोलण्यातलं अर्धंच लिहिलं मी.

उद्या पुन्हा त्याच रस्त्यासाठी घोषणा द्यायच्यात. काल मात्र इस्त्री बंद केली, खुर्ची ओढली आणि नुसता बसून राहिलो.