तेवढं मागचं पुसून घ्या

गोड बोलणाऱ्या माणसांचा मला आताशा फार राग येतो. शिवी देणारा परवडला, त्याला निदान उलट शिवी देता येते. माझी गाडी बघायला अकोल्याहून जो दलाल आला होता तो इतका गोड, की आल्या आल्या माझ्या आईच्या पाया पडला आणि पोह्यांवर हक्काने आणखी शेव मागून घेतली. त्याला वाढलेल्या त्या शेवेचंही मला आज वाईट वाटतं.

गाडी विकायची पाळी आली ती आईच्या गुडघ्यांमुळे. गाडी जपानी कंपनीची, जुनी, स्पोर्ट्स जातीची. दारं चार असली तरी बूड जमिनीला टेकलेलं, आणि मी स्प्रिंग बदलून ते अजून खाली नेलेलं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, त्यामुळे स्प्रिंगपासून सायलेन्सरपर्यंत आणि स्टिअरिंगपासून पुढच्या सीटांपर्यंत सगळा बदल माझ्याच हातचा. मंगरूळपीरच्या बाजारातून ती निघाली की चहा पिणारे कप हातात धरून बघत राहायचे. आईला मात्र गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिच्यात बसणं म्हणजे शिक्षा झाली. दवाखान्यात जायचं तर शेजाऱ्याची उंच गाडी मागावी लागायची. "तुह्या गाडीत बसन्यापरिस पायी गेलेलं बरं," ती म्हणायची. शेवटी मी ठरवलं, ही द्यायची आणि आईला सहज चढता येईल अशी एखादी घ्यायची. जिवावर आलं होतं, पण ठरवलं.

अशा गाडीची किंमत कशाने टिकते, हे मला पोरांना शिकवून शिकवून पाठ आहे. लोकांना वाटतं, जितका खर्च केला तितकी ती वाढते. काही वाढत नाही. तुमची हौस तुमच्यापाशी. घेणारा एवढंच बघतो की गाडीचं मूळ अंग शाबूत आहे का, आणि तुम्ही केलेलं सगळं परत पहिल्यासारखं करता येतं का. पत्रा कापला, वेल्डिंग मारलं, की गाडी हातची गेली. म्हणून मी पत्र्याला कधी हात लावला नाही. काढलेला एकेक मूळ पार्ट ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून आईच्या दिवाणाखाली सरकवला. आई त्या पोत्यांवर झोपायची आणि मला भंगारवाला म्हणायची.

दलाल जाणता होता, हे कबूल करतो. त्याने बॉनेट उघडून नुसतं कौतुक केलं नाही. चारही दारांच्या काचांवरचे कंपनीचे शिक्के जुळतात का ते पाहिलं, खिशातलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवून कुठे ठोकर बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे का ते तपासलं. मग दिवाणाखाली वाकून स्वतःच्या हाताने पोती ओढली. "सर, असं कोनी ठेवत नाई," तो म्हणाला. "लोक पार्ट इकून खातेत. तुमची गाडी पाच वर्षांनीबी याच भावात जाईन." मी फुगलो. कोण फुगणार नाही?

मग तो गाडीच्या मागे गेला. काचेपाशी वाकला.

"बाकी एक नंबर हाय सर. तेवढं मागचं पुसून घ्या."

मला वाटलं धूळ बसली असेल. फडकं आणायला मी वळलोसुद्धा. तो हसला. "धूळ नाई हो. ते निळं."

ते निळं म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं धम्मचक्र. बाबा एसटीच्या डेपोत पेंटर होते. बसच्या कपाळावरच्या पाट्या रंगवायचे. आसेगाव, कारंजा, रिसोड, अख्ख्या जिल्ह्याची गावं त्यांच्या ब्रशातून गेली. रिटायर झाल्यावर हात थरथरायला लागला तेव्हा एक दिवस ते माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले आणि काचेवर आतून चक्र काढलं. आठ आरे. त्यातला एक जरा वाकडा आला, तर स्वतःवरच चिडले, पण पुसू दिला नाही. त्यांनी रंगवलेली ती शेवटची गोष्ट. पुढच्या वर्षी ते गेले.

"काहून?" मी विचारलं.

"माह्यं काई नाई सर. मी तसलं काई मानत नाई. पन गिऱ्हाईक पयले मागून पाह्यते. गाडी कोनाची होती ते त्याले समजते."

"समजलं तर काय होते?"

"तुमी शिकलेले आहा. तुमाले काय सांगू."

हे 'मी मानत नाही' मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. खोली नाकारणाऱ्या घरमालकाने तेच सांगितलं होतं, तो मानत नव्हता, त्याची बायको मानायची. न मानणाऱ्यांची एवढी गर्दी आहे आपल्याकडे, तर मग मानतं तरी कोण? ते गिऱ्हाईक कुठे राहतं? त्याला एकदा समोर आणा ना. पण ते कधी समोर येत नाही, त्याच्या नावाने असे गोड लोक येतात आणि आपल्या घरी पोहे खातात.

त्याची स्वतःची गाडी आमच्या फाटकात आडवी उभी होती. तिच्या मागच्या काचेवर त्याचं आडनाव होतं, हातभर लांब, दोन्ही बाजूंना तलवारी. मी तिकडे बोट दाखवलं. "हे पुसता का इकतानी?"

"ते चालते," तो म्हणाला. शरमला नाही, चिडला नाही. टायरचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

मी काही बोलायच्या आत त्याने बॅगेतून ब्लेडची खरवडणी काढली. बॅगेतून! म्हणजे हे त्याचं रोजचं काम होतं, माझ्यासारख्या किती जणांच्या काचा त्याने साफ केल्या असतील कोण जाणे. "दोन मिंटाचं काम हाय, मीच करून देतो," म्हणत तो मागच्या सीटवर चढला. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं तोवर एका आऱ्याचं टोक निघून त्याच्या मांडीवर पडलं होतं. निळा भुगा. माझा हात इतका घट्ट बसला की तो ओरडला.

आई ओसरीवरून सगळं ऐकत होती. तिने आवाज चढवला नाही.

"बाबू, सोड त्याले," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "याच्या आज्यानं नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव टोपल्यात भरले अन् अडाण नदीत सोडले. एकबी मागं ठेवला नाई. दिवानाखाली तर नाईच नाई."

"माय, माह्या मनात तसं..."

"उतर खाली."

तो उतरला. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, गाडीपाशी आली, उघड्या दाराकडे पाठ केली आणि मागच्या मागे सीटवर अंग टाकलं. गुडघ्यातून कळ गेली असणार, कारण तिने डोळे गच्च मिटले. "चाल, मले बजारात ने," ती म्हणाली.

बाजारात आम्हाला काही घ्यायचं नव्हतं. दलालाला त्याची तलवारवाली गाडी फाटकातून काढावी लागली, आम्ही त्याच्या मागून निघालो, आणि आई चक्राखाली ताठ बसून राहिली. प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं बूड घासत होतं आणि मी रडत होतो, रागाने.

रविवारी दिवाणाखालची पोती मी ओढून काढली. कंपनीचे मूळ स्प्रिंग परत बसवले, गाडी उंच झाली. सीटवर जाड गादी टाकली. इतकी वर्षं जे कुणा अनोळखी गिऱ्हाईकासाठी जपून ठेवलं होतं ते आईच्या कामी आलं. आता ती दाराला धरून बसते, अजूनही कुरकुरते, पण बसते.

पुढच्या महिन्यात त्या माणसाचा फोन आला. पुण्याचं गिऱ्हाईक होतं म्हणे. गाडी मूळ उंचीवर आणली हे ऐकून तो खूश झाला. "मंग तर सोनंच झालं सर! सगळं जसंच्या तसं. फक्त तेवढं मागचं..."

"माह्या गाडीतलं सारं परत करता येते," मी म्हणालो. "तेवढंच नाई येत." त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई आतून ओरडली, "हळू बोल ना, शेजारी आयकतीन."

"आयकू दे," मी म्हणालो. फोन खिशात घातला, निळ्या रंगाचा डबा घेतला आणि मागच्या सीटवर गुडघे टेकून खरवडलेला आरा भरायला बसलो. रागाने माझाही हात थरथरत होता. तोही आरा वाकडा आला. मी पुसला नाही.