अर्धी मिशी

माझ्या मामाचं सलून आहे. हात चांगला आहे त्याचा, पण लोक हातासाठी येत नसत. दाढी करता करता मामा गोष्ट सांगायचा आणि ती ऐन रंगात आली की गळ्यातलं कापड झटकून म्हणायचा, "उरलेलं पुढच्या वेळी." त्यामुळे त्याच्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या इतरांपेक्षा लवकर वाढायच्या. त्याचं नावच पडलं होतं रेडिओ.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढलं तर बरीच वर्षं जगाल, नाही काढलं तर फार दिवस नाहीत. मामा घरी येऊन मामीला म्हणाला, "मुका न्हावी म्हणजे मेल्यात जमा. मग खरंच मेलेलं काय वाईट? निदान बोलता बोलता जाईन."

मला त्याचा संताप आला. मरणाहून वाईट दुखणं असतं की नाही, मला माहीत नाही. जो भोगतो त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण मामाने अजून काही भोगलंच नव्हतं, नुसत्या कल्पनेनेच हात टेकले होते.

मामी टॉवेलांच्या घड्या घालत होती. "बरं," ती म्हणाली. "पण एक दिवस दुकानात गप्प राहून बघा. नाहीच सोसलं तर मी अडवणार नाही."

मला धास्ती वाटली, कारण मामी दिलेला शब्द मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मामाने मिठाची गुळणी धरल्यासारखं तोंड मिटून दुकान उघडलं. मी कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. पहिला आला पोस्टमन. त्याची गोष्ट अर्धवट राहिली होती, मामाच्या लग्नाची. हात बघायचा म्हणून मामीच्या वडिलांनी होणाऱ्या जावयाला स्वतःची दाढी करायला लावली, आणि बोलण्याच्या नादात त्याने त्यांची अर्धी मिशी उडवली, इथवर आली होती.

"मग सासऱ्यांनी काय केलं?" पोस्टमनने विचारलं.

मामाने आरशाकडे बोट दाखवून मान हलवली. पोस्टमनला काही कळेना. बाकावरचा शिंपी म्हणाला, "मी सांगतो. त्यांनी याला हाकलून दिलं." मामाने खुर्चीच्या दांड्यावर कंगवा आपटला. "बरं, मग उरलेली अर्धी पण काढली." पुन्हा कंगवा. मामाचा चेहरा लाल झाला होता आणि आम्ही सगळे पोट धरून हसत होतो.

तेवढ्यात टॉवेल घेऊन मामी आतून आली. "मिशी पुन्हा सारखी होईपर्यंत हे रोज आमच्याकडे कातरायला यायचे," ती म्हणाली. "रोज गोष्टी सांगायचे. मिशी जुळेस्तोवर बाबांचं मन वळलं."

मामाने छाती फुगवली. बोलण्यावर बायको मिळवली, हा त्याचा जन्माचा तोरा होता.

"पण मिशी यांच्या बोलण्याने नाही गेली," मामी म्हणाली. "बाबा नाही म्हणणार, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून यांना रोज यावं लागावं यासाठी मी मागून खुर्चीला धक्का दिला."

मामाच्या हातातला वस्तरा थांबला. पोस्टमनचा अर्धा गाल फेसातच राहिला. मामाने तोंड उघडलं, मिटलं, आणि फेसात बोट बुडवून आरशावर लिहिलं, 'इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?'

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

 मामाने ते पुसून खाली लिहिलं, 'अजून काय काय राहिलंय?'

"पुष्कळ," मामी म्हणाली आणि टॉवेल ठेवून आत गेली.

ऑपरेशन झालं. पहिले काही महिने वाईट गेले. मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि एकदा मी त्याला आवाज न करता रडताना पाहिलं. त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. पण सलून पुन्हा उघडलं. आता मामी बाकावर बसून गोष्टी सांगते, मामा दाढी करतो आणि जिथे पटत नाही तिथे कंगवा आपटतो. कंगवे फार मोडतात.

गोष्ट ऐन रंगात आली की मामी उठते आणि म्हणते, "उरलेलं पुढच्या वेळी." गिऱ्हाईक हळहळतं. पण सगळ्यात जास्त मामा, कारण ती त्याला उरलेलं घरीसुद्धा सांगत नाही.