डिकीतला डबा आणि क्लीन बेस

गाडीत सबवूफर बसवला की बेस येईल तेव्हा येईल, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून यायला लागतात. माझ्याकडे तर बेसपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

भवानी पेठेत बसूचं कार-डेकचं, म्हणजे गाडीत गाणी वाजवायच्या सामानाचं दुकान आहे. बसू म्हणजे बसवराज, माझा शाळेतला वर्गमित्र. रविवारी सकाळी तिथं मी, बसू आणि आमचा तिसरा दोस्त सत्यम जमतो. सत्यमच्या घरी टॉवेलचे माग आहेत. तिघांत मिळून गाडी एकच, माझी. त्यामुळे प्रयोगही माझ्यावरच!

मला हवा होता क्लीन बेस. तो कसा असतो हे मला माहीत नव्हतं. एका व्हिडिओत ऐकला होता, तोही मोबाइलच्या स्पीकरवर!

बसूनं ड्रायव्हरच्या सीटखाली अॅम्प्लिफायर बसवला आणि डिकीत सबवूफरचा डबा ठेवला. डबा एवढा मोठा, की डिकीत मग फक्त हवा मावायची. माझी बायको सुजाता शाळेत गणित शिकवते. तिनं डिकी उघडून विचारलं, "सामान कुठं ठेवायचं?"

बसू घाईघाईनं म्हणाला, "वैनी, डबा काढता येतोय की! ही वायरची पिन उपसली की झालं."

सुजातानं पिन एकदा काढून, परत लावून बघितली आणि मला म्हणाली, "बाबांची सुगी झाली की मंद्रूपहून ज्वारीचं पोतं आणायचंय. तोवर तुमचा बेस क्लीन झाला तर डबा राहील. नाहीतर भंगारवाला!"

तेव्हापासून माझा जीव त्या डब्यात अडकला.

*

अॅम्पला गेनचा, म्हणजे आवाजाचा जोर वाढवायचा एक स्क्रू असतो. बसूनं तो थोडासाच फिरवला होता. मी घरी येऊन शेवटपर्यंत पिळला. वस्तू अख्खी घेतलीय, तर अर्धी का वापरायची?

संध्याकाळी सात रस्ता चौकाकडे निघालो. समोरचा रिक्षावाला बाजूला झाला. टेम्पो बाजूला झाला. एका बुलेटवाल्यानं तर हात करून मला पुढे घातलं. काय मान आहे बेसला! मी काच खाली करून सगळ्यांना हसून दाखवत होतो.

रविवारी हे कौतुकानं बसूला सांगितलं. त्यानं गाणं लावलं आणि मला गाडीसमोर उभं केलं. प्रत्येक ठोक्याला अॅम्प बॅटरी ओढायचा, हेडलाइट मंद व्हायचे आणि पुन्हा उजळायचे.

"लोकं आवाजाला साइड देईनात लेका," बसू म्हणाला. "तू साऱ्या गावाला डिपर मारत हिंडायलास!"

*

गेन कमी केला, तर शिट्टी सुरू झाली. अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज चढत जायचा. मी ऑफिसात सगळ्यांना टर्बो इंजिन आहे म्हणून सांगितलं. तीन जणांना तर पटलंही!

एकदा सासरे मागच्या सीटवर होते. बराच वेळ त्यांनी कान दिला.

"जावईबापू, गाडीत मांजर हाय का?"

"नाही मामा, इंजिनाचा आवाज आहे तो."

"मग गाणं बंद केल्यावर इंजिन कुटं जातंय?"

झालं असं होतं, की वायर नीटनेटकी दिसावी म्हणून मी अर्थिंगची वायर काढून स्वतःच रंग दिलेल्या पत्र्यावर बसवली होती. बसूनं रंग खरवडला, वायर आवळली आणि मांजर गेलं. सासरे मात्र अजून गाडीत बसायच्या आधी सीटखाली वाकून बघतात.

*

मग दारं कुरकुरायला लागली. आतून काहीतरी मऊ लावलं की पत्रा गप्प बसतो, असं बसूचं म्हणणं. सत्यम लगेच घरून डागी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आला. "एक्स्पोर्ट क्वालिटी हाय, फकस्त रंग फुटलाय!" दोन्ही दारांत आम्ही टॉवेल ठासले. आवाज सुधारला. मी सत्यमला मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात गाडी धुतली. टॉवेलनं आपलं काम केलं, सगळं पाणी पिऊन टाकलं! गाडीला असा वास सुटला, की सुजातानं डॅशबोर्डवर अंगाच्या साबणाची वडी आणून ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "टॉवेल आहेच."

*

एवढं करून एक खरखर उरलीच. ठोका पडला की खर्र. सगळा रविवार आम्ही ती शोधण्यात घालवला. दारांची पॅनेल उघडली, नंबरप्लेट आवळली, मागची सीट उपसली. सत्यम तर आवाज ऐकायला डिकीत आडवा झाला. मी मधूनमधून डोळे मिटून जाणकारासारखं "हा प्लास्टिकचा आवाज आहे" असं म्हणत होतो.

शेवटी बसूनं पुढच्या सीटखाली हात घातला आणि एक पुडकं बाहेर काढलं. पापडासारख्या वाळवलेल्या कडक भाकरी! पुण्याच्या पाहुण्यांना द्यायला घेतलेल्या आणि मीच तिथं ठेवून विसरलेल्या.

बसूनं एक भाकरी कानाजवळ नेऊन मोडली. "हाच बघ तुझा प्लास्टिकचा आवाज!" मग तुकडा तोंडात टाकला. "शेंगाचटणी पण ठेवली असशील की कुटंतरी?"

*

सुगी झाली. एका शनिवारी मी ऑफिसात असताना सुजाता एकटीच गाडी घेऊन माहेरी जाऊन आली आणि रविवारी म्हणाली, "चला, आज तुमच्या बेसचा निकाल लावू."

बसूच्या दुकानासमोर ती गाडीत मागे बसली, सत्यम तिच्या शेजारी, मी पुढे. ढोलकीचं गाणं लावलं. बसू सीटखालच्या अॅम्पपाशी गुडघे टेकून बसला आणि स्क्रू केसभर फिरवला.

"आता?"

"जरा जाड वाटतोय," मी म्हणालो.

अजून केसभर. "आता?"

"पोटात लागायलाय बघ!" सत्यम म्हणाला.

बसूनं डोळे मिटले, मान तिरकी केली आणि शेवटचा एक हात फिरवला. ढोलकी अशी उमटली, की बोटं मोजावीत! मला भरून आलं. खोटं का सांगू, डोळे पुसले मी. बसूनं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. असं त्यानं माझ्या गाडीत कधीच केलं नव्हतं.

"व्हय. ह्याला म्हणत्यात क्लीन!"

मी मागे वळलो. "काय मग?"

"छान आहे की," सुजाता म्हणाली. "कुठं फाटत नाही, घुमत नाही. मला आवडलं."

"म्हणजे डबा राहिला?"

"राहिलाय ना. घरी, पलंगाखाली. कालपासून."

ती उतरली आणि तिनं डिकी उघडली. डब्याच्या जागी ज्वारीचं पोतं बसलं होतं, तोंड शिवलेलं. मोकळी पिन बाजूला लोंबत होती. गाणं चालूच होतं, नुसत्या दारांतल्या स्पीकरांवर. सत्यम आपल्या चपलेकडे बघायला लागला.

बसू सावकाश मागे आला. त्यानं पोत्यावर दोनदा थाप मारली, कान देऊन ऐकलं आणि डिकी अलगद लावून टाकली.

"वैनी," तो म्हणाला, "पोतं उतरवू नका. सेटिंग बिघडंल!"