सतारवाल्यांचा थोरला

यंत्रांवर एवढा चिडणारा आणि तरीही त्यांच्याशी एवढ्या अदबीनं बोलणारा माणूस मिरजेत दुसरा नाही, आणि मिरजेत नाही म्हणजे तो बाहेर कुठं असेल यावर माझा तरी विश्वास नाही. माझं औषधांचं दुकान आणि त्याचं घर समोरासमोर. खाली त्याच्या वडिलांचा, म्हणजे चाचांचा, तानपुरे करायचा कारखाना आणि वर माडीवर हा कॉम्प्युटर मांडून बसलेला. कुठल्या कुठल्या कंपन्यांचे प्रोग्राम तिथून लिहितो. गल्लीत त्याला सगळे सतारवाल्यांचा थोरला म्हणतात. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या माडीची खिडकी थेट माझ्या काउंटरवर उघडते, त्यामुळे त्याचा दिवस कसा चाललाय हे त्याच्या बायकोच्याही आधी मला कळतं. कॉम्प्युटर अडला की इतर लोक शिव्या देतात, हा त्याला अहो-जाहो करतो. "आवं, काय झालंय ते सांगा की. मी काय परका हाय व्हय?" असं वरून ऐकू आलं की समजावं, थोरल्याची सकाळ वाया गेली. तिसरं "आवं" कानावर पडलं की मी दोन चहा सांगतो, कारण पाच मिनिटांत तो खाली येणारच असतो.

खाली आला की काउंटरला टेकून तक्रार सुरू. एकदा दिवसभर त्याच्या स्क्रीनवर एकच वाक्य येत होतं, 'काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा.' मला म्हणाला, "तुझ्याकडं माणूस आला आन् म्हणाला, कुठंतरी दुखतंय, तर तू त्याला काय देशील?" मी म्हटलं, डॉक्टरकडे पाठवीन. "ह्यो सोताच डॉक्टर हाय गड्या. डॉक्टरच म्हणतोय, कुठंतरी दुखतंय." समोर उभी असलेली एक म्हातारी बाई हे ऐकून घाबरली आणि कुठल्या दवाखान्याची गोष्ट चाललीय म्हणून विचारू लागली. तिची समजूत काढता काढता माझी दुपार गेली.

प्रोग्रामांबरोबर जी मदतीची पानं येतात, त्यांच्यावर तर त्याचा खास राग. 'हे अगदी सोपं आहे' असं लिहून पान तिथंच संपतं, ही त्याची कायमची व्यथा. "सोपं हाय तर सांगायला काय जातं?" असं म्हणून त्यानं ठरवून टाकलं की आपण तरी जगात कुणालाही अर्धवट काही सांगायचं नाही. हा निश्चय त्यानं घरादारावर लागू केला. एका ईदला माझ्या बायकोनं भाभींना, म्हणजे थोरल्याच्या बायकोला, शीरखुर्मा कसा करतात ते विचारलं. भाभींनी दारातच चार वाक्यांत सांगितलं. संध्याकाळी थोरल्याकडून सात पानं आली. त्यात 'शेवया जळाल्यास', 'दूध नासल्यास' आणि 'पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त आल्यास' अशी वेगळी प्रकरणं होती. आम्ही हसलो खरे, पण त्या वर्षी दूध नासलं आणि माझी बायको पळत जाऊन पान चार घेऊन आली.

आणि अपडेटची भीती. कुठल्याही यंत्रावर नवीन काही चढवायचं म्हटलं की हा हातपाय धुऊन, शुक्रवार टाळून, बाजूला जुना मोबाइल चालू ठेवूनच बसतो. जुने मोबाइल तो टाकत नाही. माडीवर एका फळीवर बारा मोबाइल ओळीनं ठेवलेत, प्रत्येकात वेगळ्या सालचा कारभार, आणि प्रत्येकाच्या पाठीवर माझ्याच दुकानातली चिकटपट्टी लावून अक्षर काढलेलं: 'चालतो', 'चालतो पण तापतो', 'ह्याला विचारल्याशिवाय हात लावू नये'. त्यात माझाही एक काच फुटलेला मोबाइल आहे. त्याच्यावर लिहिलंय, 'जुना पण सरळमार्गी'. भाभी त्या फळीला वॉर्ड म्हणतात.

पण त्याच्या मनातली खरी जखम वेगळीच. हे प्रोग्रामवाले अडले की इंटरनेटवर एकमेकांना प्रश्न विचारतात. थोरला म्हणतो, दिवसभर शोधून शोधून आपल्याच अडचणीचा एखादा माणूस सापडावा, त्यानं अगदी आपल्याच शब्दांत प्रश्न विचारलेला असावा, आणि खाली त्यानंच लिहिलेलं असावं, 'झालं, धन्यवाद.' कसं झालं, ते नाही. अशा एका माणसाला तो सहा वर्षं शोधतो आहे. त्याला नावानिशी ओळखल्यासारखा त्याचा विषय काढतो. "अल्ला त्याचं भलं करो," तो म्हणतो, "पण आधी त्याला चार वळी लिवायची बुद्धी देवो."

या सगळ्या गमतीखाली एक गोष्ट होती आणि ती चाचांची. तानपुऱ्याला जवारी लावायची म्हणजे तारांखालची ती छोटी घोडी कानशीनं केसाकेसानं घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. घासता घासता एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि तिच्यातून तो मधमाश्यांसारखा गुंजणारा नाद उठतो. त्याला चाचा जवारी उघडली म्हणायचे. हे सगळं कानाचं काम, आणि चाचांचे कान उतरू लागले होते. कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "ह्यात रिक्षा आन् तानपुरा सारकंच वाजतंय," म्हणाले. तेव्हा थोरल्यानं वडिलांसाठी एक प्रोग्राम लिहिला. मोबाइल तानपुऱ्यापाशी ठेवायचा, तार छेडायची आणि जवारी उघडली की पडद्यावर रंगीत रेघा एकावर एक चढत जायच्या. आधी चाचांनी नाक मुरडलं. मग एक दिवस मी पाहिलं, ते डोळे बारीक करून रेघा बघताहेत आणि कानस चालवताहेत. त्या रेघांवर त्यांनी चार वर्षं तानपुरे केले आणि गाणारे लोक पूर्वीसारखेच घेऊन जात राहिले.

एके दिवशी दुपारी चाचा माझ्या दुकानात आले. दहिवडीकडची एक मुलगी इथं गाणं शिकते, तिचा पहिला स्वतःचा तानपुरा त्यांच्याकडे होता. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच उजवा हात काउंटरवर ठेवून म्हणाले, "हाताची काय गोळी हाय का तुझ्याकडं?" मी म्हटलं, दुखतोय का चाचा? "दुखत न्हाई रं. गेला. आठ दिस घासतुया, जवारी उघडंना. दोन घोड्या वाया घालवल्या. पोरीला सांग, दुसरीकडनं लावून घे म्हणावं. थोरल्याला बोलू नगंस, त्याला लय काम असतंय." पन्नास वर्षं ज्या हातावर घर चाललं, तो हात त्यांनी असा माझ्यापुढं ठेवला होता. मी त्यांना एक बाम दिला आणि ते गेल्याबरोबर रस्ता ओलांडून माडीवर चढलो.

थोरला ऐकता ऐकताच उठला. खाली उतरला, वडिलांसमोर बसला आणि तानपुरा स्वतः छेडला. मी दारात उभा होतो. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो नाद खोलीभर गुंजला एवढं मलाही कळलं. मोबाइलवरच्या रेघा मात्र जमिनीला चिकटून पडलेल्या. थोरल्यानं पुन्हा छेडला. मग मोबाइल हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "अब्बा, ह्याचं अपडेट कुणी केलं?"

चाचा ओशाळले. "रोज इचारत हुतं बिचारं, करू का, करू का. किती दिस न्हाई म्हणायचं? व्हय म्हटलं."

ज्या घरात यंत्राला अहो म्हणतात, तिथंच हे होऊ शकतं. थोरल्याला हसावं की रडावं कळेना. "अब्बा, जवारी उघडलीया," तो म्हणाला. "कवाच उघडलीया. तुमच्या हाताला काय बी झालेलं न्हाई. ह्यो मोबाइल बहिरा झालाय." तो वर पळाला आणि वॉर्डातून माझा फुटक्या काचेचा मोबाइल घेऊन आला. त्यात तोच प्रोग्राम होता, अपडेट मात्र नव्हतं. तो तानपुऱ्यापाशी ठेवला, चाचांनी तार छेडली आणि रेघा वर वर चढत गेल्या. चाचांनी तार पुन्हा एकदा छेडून बघितली. मग त्यांनी उजवा हात मांडीवर पुसला आणि कानस पुन्हा उचलली. दहिवडीच्या मुलीचा तानपुरा वेळेत गेला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. घरचं काम भागलं होतं. पण थोरला त्यानंतर अकरा दिवस माडीवरून "आवं, आवं" करत राहिला. मी म्हटलं, आता कशाला डोकं फोडून घेतोस? तर म्हणाला, "दुसऱ्या कुणाचा अब्बा बसला आसंल की कुठंतरी, हात गेला म्हणून." शेवटी सापडलं. नव्या अपडेटनं मोबाइलला आवाज साफ करायची सवय लावली होती, आणि जवारीची ती गुणगुण मोबाइलला कचरा वाटत होती. आवाज आहे तसा दे, असं सांगणारी एकच ओळ प्रोग्राममध्ये लागत होती आणि ती कुठल्याही मदतीच्या पानावर नव्हती. 'झालं, धन्यवाद'वाल्यांच्या त्या जगात थोरल्यानं मग रीतसर उत्तर लिहिलं, पायरीपायरीनं, न जमल्यास काय करावं यासकट. तपासून बघायला नमुना म्हणून चाचांच्या हातचा एक तानपुरा त्यांच्याकडूनच दोन मिनिटं वाजवून घेऊन तो आवाज जोडला. चाचांना कशासाठी ते कळलं नाही. पोरगा छेडा म्हणाला, त्यांनी छेडला. शेवटी माझ्या दुकानाचं शटर वाजतं तेही त्यात आहे.

चाचांना जाऊन आता दोन वर्षं होतील. कारखाना धाकटा बघतो. परवा थोरला मी चहा सांगायच्या आधीच खाली आला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. त्याच्या त्या उत्तराखाली कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसानं लिहिलं होतं, की माझी अडचण पहिल्या मिनिटातच सुटली, पण तुमचा नमुना मी बंद केलेला नाही, काम करताना तो खोलीत चालूच असतो. हे कोण वाजवतंय?

शीरखुर्म्यावर सात पानं लिहिणाऱ्या या माणसानं त्याला काय उत्तर दिलं असेल म्हणून मी खाली पाहिलं. तीन दिवसांनी दिलेलं उत्तर होतं. इंग्रजीत दोन शब्द, आणि मराठीतही दोनच होतात: माझे वडील.

मी विचारलं, "एवढंच?"

तो फळीवरच्या बामच्या डब्या सरळ करत राहिला. "लय शोधलं गड्या," म्हणाला. "ह्याच्या फुडं काय लिवायचं, ते कुठंच दिलेलं न्हाई."